जप्ती आली तर बाईचा हिस्सा कसा राखावा?

जप्ती हा शब्द खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. सावकाराची जप्ती आपल्या वाडवडिलांनी पाहिली. बँकेची जप्ती आपण पाहिली किंवा ऐकली. पण आणखी एक जप्ती असते. ती कर्जापायी येत नाही, गुन्ह्यापायी येते. कोणी दामदुप्पट करतो म्हणून लोकांच्या ठेवी बुडवतो. कोणी गांजाचा धंदा करतो. कोणी खटला चुकवून पळून जातो. मग सरकार त्याच्या घरावर, जमिनीवर, बँकेतल्या पैशावर टाच आणते.

टाच आणणे म्हणजे काय? ती वस्तू विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, कोणाला द्यायची नाही, असा हुकूम करणे. पुढे चौकशी होते. चौकशीत ठरले तर ती वस्तू विकून लोकांचे पैसे परत करतात किंवा ती सरकारजमा करतात. म्हणजे टाच आली त्याच दिवशी मालकी गेली असे नव्हे. मध्ये काही दिवस असतात. त्या दिवसांतच आपले म्हणणे मांडायचे असते.

गुन्हा एक माणूस करतो. पण घरात तो एकटा नसतो. बायको असते, मुले असतात, म्हातारी आई असते. त्या घरात बायकोचेही काही असते. तिच्या माहेरचे सोने असते. तिच्या घामाचे पैसे भिंतीत गेलेले असतात. नवऱ्याच्या गुन्ह्यात तेही जाणार काय?

सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी आपल्यात म्हण आहे. कायदा तसे म्हणत नाही. ज्याचा गुन्हा, त्याला शिक्षा. ज्याने गुन्हा केला नाही, त्याचे कष्टाचे धन जाऊ नये, असेच कायदा म्हणतो. पण या घरात कोणते धन कोणाचे, हे सरकारी माणसाला कसे कळणार? ते कागद सांगतो. आणि कागद वेळेवर दाखवावा लागतो. एवढी एक गोष्ट या धड्यातून शिकायची आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

पुष्कळ बायांना वाटते, "लग्न झाले म्हणजे नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा माझा." हे खरे नाही. महाराष्ट्रात नवरा जिवंत असताना त्याच्या नावावरच्या मालमत्तेत बायकोला लग्नाने आपोआप मालकी मिळत नाही. तिला त्याच्याकडून पोटगी मागता येते. तो वारल्यावर ती वारस होते. पण तो जिवंत असताना "अर्धे घर माझे" एवढेच म्हणून भागत नाही.

गोव्यात रीत वेगळी आहे. तेथे पोर्तुगीजांच्या वेळचा १८६७ चा दिवाणी कायदा कुटुंबाच्या बाबतीत आजही चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि त्यात दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा असतो. गोव्यातल्या बाईला लग्नाचा दाखला दाखवून आपला अर्धा वाटा सांगता येतो. महाराष्ट्रातल्या बाईला तसे करता येत नाही. तिला "हे माझे" असे वस्तूगणिक दाखवावे लागते.

मात्र जे तिचे आहे ते पुरते तिचे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण होते. माहेरचे दागिने, लग्नात मिळालेल्या भेटी यांना स्त्रीधन म्हणतात. स्त्रीधन नवऱ्याच्या कपाटात ठेवले म्हणून ते नवऱ्याचे होत नाही. तसे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितले आहे. मुसलमान बाईचा मेहर तिचा स्वतःचा असतो. मजुरी, दुधाचे पैसे, शिवणकामाची कमाई ही जिची तिची.

सखूबाईचे घर

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात एक बाई आहे. तिला आपण सखूबाई म्हणू. तिचा नवरा आणि आणखी तिघे जण यांनी भागीदारीत एक योजना काढली. "पाच वर्षांत पैसे दुप्पट," असे सांगून २०१९ पासून त्यांनी गावोगाव ठेवी गोळा केल्या. २०२२ साली योजना बुडाली. लोकांनी फिर्याद दिली. नवऱ्याला अटक झाली. काही दिवसांनी तलाठ्याने निरोप धाडला, "तुमच्या सातबाऱ्यावर टाचेची नोंद झाली आहे."

सखूबाईच्या घरी काय काय होते? पाच गोष्टी होत्या. एकेक पाहू.

पहिली, माहेरची एक एकर जमीन. बाप वारल्यावर २०११ साली वाटणीत ती तिला मिळाली. फेरफार तिच्या नावाने झाला. तेव्हा योजनेचा पत्ताही नव्हता. ही जमीन सर्वस्वी तिची. तपास करणाऱ्याने घरातल्या सर्वांच्या नावावरचे उतारे काढले, म्हणून ती यादीत आली. फेरफाराचा उतारा दाखवून ती सोडवता येईल.

दुसरी, राहते घर. २०१४ साली दोघांच्या नावाने खरेदीखत झाले. कोणाचा हिस्सा किती, हे खतात लिहिलेले नाही. सखूबाईने दूध संघाच्या पैशातून दोन लाख घातले. नवऱ्याने नोकरीच्या पगारातून चार लाख घातले. अशा वेळी ज्याने जितके पैसे घातले, त्या प्रमाणात हिस्सा धरतात. पैशाचा पुरावा कोणाकडेच नसेल, तर दोघांचा सारखा धरतात. येथे पासबुके आहेत. तेव्हा तिसरा हिस्सा सखूबाईचा. तो तिने मागायचा. नवऱ्याचा हिस्सा ठेवीदारांच्या पैशासाठी जाऊ शकतो. घर योजनेच्या आधीचे असले तरी ते जाऊ शकते, कारण ठेवीदारांचा कायदा भागीदाराच्या जुन्या मालमत्तेलाही हात घालू देतो.

तिसरी, दागिने. मंगळसूत्र, बोरमाळ आणि माहेरच्या दोन बांगड्या लग्नातल्या. त्या तिच्या. २०२० साली नवऱ्याने आणलेल्या पाटल्या मात्र ठेवीदारांच्या पैशातल्या. त्या तिच्या हातात असल्या तरी राखता येणार नाहीत.

चौथी, ट्रॅक्टर. तो सखूबाईच्या नावावर आहे. पण पैसे योजनेच्या खात्यातून गेले. नाव तिचे, पैसा लोकांचा. तो जाईल आणि तो जावा हेच न्यायाचे आहे. ज्या विधवेने कोंबड्या विकून त्या योजनेत पाच हजार ठेवले, तिचाही विचार करावयास हवा.

पाचवी, सासऱ्याच्या वडिलांपासून चालत आलेली चार एकर जमीन. अजून वाटणी झालेली नाही. तीत नवऱ्याच्या वाट्यापुरतीच टाच चालते. दिराचा, सासूचा वाटा वेगळा. पण त्यांनी आपापला हक्क स्वतः सांगितला पाहिजे. सखूबाईला वाटणीपूर्वी या जमिनीत स्वतःचा हिस्सा नाही. तिच्या मुलाला आणि मुलीला मात्र जन्मानेच हिस्सा आहे. मुले अज्ञान असतील, म्हणजे १८ वर्षांखालील असतील, तर त्यांच्या वतीने आई अर्ज करू शकते.

पाहा, एकाच घरातल्या पाच वस्तू. पण प्रत्येकीचा न्याय वेगळा. म्हणून "सगळे माझे आहे" असा अर्ज करू नये. खऱ्यात खोटे मिसळले की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

वकीलताईंकडे

सखूबाई तालुक्याला गेली. न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तेथे तिला एक वकीलबाई भेटल्या.

"ताई, माझ्यापाशी वकिलाला द्यायला पैसे नाहीत," सखूबाई म्हणाली.

"मावशी, पैसे लागत नाहीत. बाईमाणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो. तुमचं उत्पन्न किती, तेसुद्धा विचारत नाहीत. तसा १९८७ चा कायदाच आहे. यायला जमलं नाही तर १५१०० या नंबरला फोन करायचा."

"बरं झालं बाई. मग एवढं सांगा, ट्रॅक्टर तर माझ्या नावावर हाय. तो कसा नेतील?"

"नाव तुमचं आहे, पण पैसा कुणाचा होता?"

सखूबाई गप्प राहिली. मग म्हणाली, "पैसा त्यांनीच आणला होता."

"मग त्यावर हक्क सांगू नका. न्यायालय पहिल्यांदा हेच विचारतं. वस्तू कधी घेतली? पैसा कुठून आला? या दोन प्रश्नांना ज्या वस्तूचं उत्तर आहे, ती आपली. आता सांगा, माहेरच्या जमिनीचा फेरफार आहे का?"

"आहे. पत्र्याच्या पेटीत ठेवलाय."

"दूध संघाचं पासबुक?"

"जुनं पासबुक उंदरांनी खाल्लं."

"संघाकडून खात्याचा उतारा मागून घ्या. बँकेतूनही मिळतो. त्यावर शिक्का आणि सही घ्या. आणि दागिन्यांचं काय?"

"सोनाराची पावती कुठली ताई? वीस वर्षं झाली."

"लग्नातले फोटो आहेत?"

"आहेत की! गळ्यात बोरमाळ दिसते."

"तेही चालेल. शिवाय तुमच्या भावाला प्रतिज्ञापत्र करायला सांगा. हे दागिने बहिणीला लग्नात दिले, असं त्यानं शपथेवर लिहून द्यायचं."

सखूबाई थोडी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "ताई, दीर म्हणतात, माहेरची जमीन त्यांच्या नावावर करून द्या. म्हंजे ती वाचंल."

"मुळीच करू नका, मावशी! टाच आलेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर केली तर न्यायालय तो व्यवहार मानत नाही. उलट तुमच्याच मनात काळंबेरं आहे असं धरतात. जमीन तुमची आहे. ती लपवायची नाही, दाखवायची."

मुदत कोणती?

जप्ती कोणत्या कायद्याने आली, त्यावर मुदत ठरते. म्हणून कागद हातात आला की दोन गोष्टी आधी वाचाव्यात: कायद्याचे नाव आणि तारीख. मग पुढील माहिती पडताळून पाहावी.

१. नवरा फरारी असेल तर. न्यायालय आधी जाहीरनामा काढते. हजर होण्यास निदान ३० दिवस देते. जाहीरनामा निघाल्यावर त्याच्या मालमत्तेवर टाच आणता येते. अशा वेळी "यात माझा हक्क आहे" असे सांगणाऱ्या दुसऱ्या कोणालाही टाच आल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. न्यायालयाला त्या अर्जाची चौकशी करावी लागते. अर्ज पुरा किंवा काही अंशी मंजूर होऊ शकतो. नामंजूर झाला तर त्या हुकमापासून १ वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. ६ महिने सरेपर्यंत आणि असा अर्ज निकालात निघेपर्यंत मालमत्ता सहसा विकत नाहीत. पण गाईगुरे आणि नाशवंत माल न्यायालय लगेच विकायला सांगू शकते. दुभती म्हैस बाईच्या पैशाची असेल, तर तिने सहा महिने वाट पाहत बसू नये. दुसऱ्या दिवशीच धावावे.

२. गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली वस्तू असेल तर. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या १०७ व्या कलमाने पोलीस न्यायालयाकडे टाच मागू शकतात. त्यासाठी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची किंवा आयुक्तांची मंजुरी लागते. न्यायालय नोटीस काढते. उत्तराला १४ दिवस मिळतात. ती वस्तू दुसऱ्याच्या, समजा बायकोच्या, ताब्यात असेल तर तिलाही नोटीस देता येते. १४ दिवसांत कोणी हजर झाले नाही, तर न्यायालय एकतर्फी हुकूम करू शकते. एकतर्फी म्हणजे आपली बाजू न ऐकता. नवऱ्याचा खटला संपायचा असला तरी हे होऊ शकते. म्हणून "खटल्याचा निकाल लागू दे, मग पाहू," असे म्हणू नये.

३. ठेवी बुडवल्याचा खटला असेल तर. महाराष्ट्रात यासाठी १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. सखूबाईच्या नवऱ्यावर हाच कायदा लागला. यात सरकार टाचेची अधिसूचना काढते. सरकारने नेमलेला अधिकारी मालमत्ता ताब्यात घेतो. पुढे या कायद्यासाठी नेमलेले न्यायालय सर्वांना नोटीस काढून विचारते, "टाच कायम का करू नये?" त्या वेळी हरकत घ्यायची. आपल्याला नोटीस मिळाली नसली, तरी हरकत घेता येते. मात्र टाच कायम होण्याच्या आधी घ्यावी लागते. न्यायालयाचा हुकूम मान्य नसेल, तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते.

४. गांजा, अफू यांच्या धंद्याचा मोठा गुन्हा असेल तर. येथे कायदा अधिक कडक आहे. तो बायको, भाऊ, मुले यांच्या नावावरची मालमत्ताही तपासतो. ती कष्टाची आहे, हे घरच्यांनीच सिद्ध करावे लागते. तस्करांच्या मालमत्तेसाठी १९७६ चा असाच एक कायदा आहे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी १९९४ साली निकाल दिला. त्यांनी सांगितले, नातेवाईक आहे एवढ्यावरून कोणाची मालमत्ता घ्यायची नाही. गुन्हेगाराच्या पैशाशी तिचा संबंध असेल तरच ती जाते. पण संबंध नाही, हे दाखवण्याचा भार नातेवाइकावरच असतो. म्हणजे येथेही शेवटी गोष्ट कागदावरच येते.

झडतीच्या वेळी

पोलीस घराची झडती घेतात तेव्हा घाबरून बाहेर जाऊन बसू नये. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क आहे. जे जे नेले त्याची यादी होते. पंच त्यावर सह्या करतात. त्या यादीची प्रत मागून घ्यावी. आता झडतीचे मोबाइलवर चित्रण करावे लागते. तेव्हा स्पष्ट आवाजात सांगावे, "ही बोरमाळ माझ्या लग्नातली आहे." ते चित्रणात राहील. पंचनाम्यात लिहून घेण्याचीही विनंती करावी.

नेलेले दागिने खटला संपेपर्यंत ठाण्यातच पडून राहतील असे समजू नये. ते परत मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो. वस्तूंचा पंचनामा करून, फोटो काढून आणि हमी घेऊन त्या हक्कदाराला द्याव्यात. पंधरा दिवस ते महिना, याहून जास्त त्या ठाण्यात ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. अशा वेळी मिळालेला दागिना विकू नये. न्यायालयाने बोलावले की तो दाखवावा लागतो.

सही करताना सांभाळा

आता तुम्हाला सही करता येते. आंगठ्याची शाई गेली ही फार चांगली गोष्ट झाली. पण सही म्हणजे जबाबदारी. पुष्कळ घरांत नवरा कागद पुढे करतो आणि म्हणतो, "कर सही, नाव तेवढं लागतंय." त्या कागदाने बाई योजनेची भागीदार होते. कंपनीची संचालक होते. कोणाची तरी जामीन होते. मग उद्या "मला काही ठाऊक नव्हते," असे सांगितले तर ते पटवणे अवघड जाते. भागीदार म्हणून तिच्याच मालमत्तेवर टाच येऊ शकते. तिची माहेरची जमीनही मग धोक्यात येते.

म्हणून कागद आधी वाचावा. कळला नाही तर शाळेतल्या गुरुजींकडून, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर तर जन्मात सही करू नये. नवऱ्याला राग येईल. पण एक दिवसाचा राग परवडतो, घर गेलेले परवडत नाही.

तशीच दुसरी गोष्ट. घरात एकाएकी पैसा वाढला, तर तो कोठून आला हे विचारावे. विचारण्यात अपमान नाही. लोकांच्या तळतळाटाचा पैसा घरात आला तर तो टिकत नाही आणि जाताना चांगल्या पैशालाही बोट लावून जातो.

आजच करावयाची कामे

जप्ती आल्यावर कागद शोधत फिरण्यापेक्षा ते आधीच नीट ठेवावेत.

आपल्या नावावरच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढून ठेवावा. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकीचा पक्का आधार खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र यांत असतो. म्हणून तेही जपावे.

गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. दोघांच्या पैशाचे घर असेल तर तेथे दोघांचे नाव आहे का, ते पाहावे. नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज करावा. नवे घर घेताना खतात दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहून घ्यावा.

आपली कमाई आपल्या स्वतःच्या खात्यात ठेवावी. जोडखात्यात दोघांचा पैसा मिसळतो. मग टाच आली की कोणता कोणाचा, हे सांगणे कठीण जाते. बचत गटाचा पैसा गटाच्या खात्यातच असावा.

सोने घेतले की पावती घ्यावी. पावतीवर आपले नाव लिहून घ्यावे. लग्नात काय दिले त्याची यादी करून दोन्ही घरच्यांच्या सह्या घ्याव्यात.

या सर्व कागदांची एकेक झेरॉक्स माहेरी किंवा विश्वासू बहिणीकडे ठेवावी. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवावेत.

अर्ज कसा असावा?

अर्ज वकील लिहून देतील. पण त्यात काय असते ते आपल्याला कळले पाहिजे. सखूबाईच्या घराबद्दलचा अर्ज साधारण असा होईल:

मा. न्यायालयाच्या सेवेशी,

अर्जदार: (पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार).

विषय: टाच आणलेल्या घरातील माझा हिस्सा मोकळा करण्याबाबत.

१. माझ्या पतीवर खटला चालू आहे. मी त्यात आरोपी नाही. त्या योजनेत मी भागीदार नव्हते.

२. टाच आणलेले घर आम्ही दोघांनी २०१४ साली खरेदी केले. खरेदीखताची प्रत सोबत जोडली आहे.

३. त्या खरेदीसाठी मी माझ्या दुधाच्या उत्पन्नातून दोन लाख रुपये दिले. खात्याचा शिक्क्याचा उतारा सोबत आहे.

४. योजना २०१९ साली सुरू झाली. माझा पैसा त्यापूर्वीचा आहे. त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही.

५. म्हणून घरातील माझा तिसरा हिस्सा टाचेतून मोकळा करावा. घर विकणे भागच पडले तर विक्रीच्या रकमेतून माझा हिस्सा मला द्यावा.

तारीख, ठिकाण, सही.

अर्ज दिल्यावर त्याची पोच घ्यावी. पोचेवर शिक्का आणि तारीख आहे ना, ते पाहावे. पुढची तारीख कोणती, ते विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. दर तारखेला हजर राहावे. "मी तुमचे काम करून देतो, एवढे पैसे द्या," असे म्हणणारे लोक न्यायालयाच्या दाराशी भेटतात. त्यांच्या हाती मूळ कागद कधीही देऊ नये. मूळ कागद न्यायालयाने मागितला तर तेथेच दाखवावा.

या खटल्यात सखूबाईचे सगळे वाचेल असे नाही. ट्रॅक्टर जाईल. पाटल्या जातील. घरातला नवऱ्याचा हिस्साही जाईल. पण माहेरची एक एकर, दूध विकून घातलेले दोन लाख आणि लग्नातली बोरमाळ ही तिची आहेत. तेवढ्यावर ती मुलांना घेऊन उभी राहू शकेल. त्यासाठी तिने तीन गोष्टी केल्या पाहिजेत: कागद शोधावेत, मुदतीत अर्ज करावा आणि खरे तेवढेच सांगावे.

विचार करा आणि सांगा

१. टाच आली म्हणजे मालकी लगेच जाते काय?

२. सखूबाईच्या पाच वस्तूंपैकी कोणत्या तिच्या आणि कोणत्या नाहीत? का?

३. नवरा फरारी असेल तर बायकोने किती दिवसांत अर्ज करावा? गाईगुरे असतील तर काय करावे?

४. तुमच्या घरी तुमच्या नावाचे कोणते कागद आहेत? आज घरी गेल्यावर पेटी उघडा. प्रत्येक कागदावरचे नाव आणि तारीख वाचा. त्यांची यादी पाटीवर लिहून उद्या वर्गात आणा.